जठर लहान करताना

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला आलेल्या कुटुंबाचे बहुधा तीन प्रश्न असतात. किती किलो उतरेल? खर्च किती येईल? आणि धोका किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट ऐकली जातात, वहीत टिपून घेतली जातात. तिसऱ्याचे उत्तर एखाद्या टक्केवारीत मिळते आणि तेवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते.

मी भूलतज्ज्ञ आहे. शल्यचिकित्सक रुग्णाच्या पोटाशी उभा असतो, मी उशाशी. अनेक वर्षे या जागेवरून पाहताना मला वाटू लागले आहे, की हा तिसरा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा. धोका ही काही दुकानातल्या वस्तूवर छापलेली किंमत नव्हे. कोण काय तयारी करतो, कोण कधी लक्ष देतो, यावर तो कमी-जास्त होतो. म्हणून विचारायचे ते असे : 'धोका कमी करण्यासाठी तुम्ही काय करता, आणि आम्ही काय करायचे?'

आकडा हवाच असेल तर एक विश्वासार्ह आकडा सांगते. अमेरिकेतल्या दहा केंद्रांमधल्या ४,७७६ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते, आणि मृत्यू, पायातील किंवा फुप्फुसातील रक्ताची गाठ, पुन्हा शस्त्रक्रिया अशा मोठ्या संकटांपैकी एखादे तरी ४.३ टक्के रुग्णांच्या वाट्याला आले. हे प्रमाण मोठ्या शस्त्रक्रियेच्या मानाने कमीच म्हणायचे. पण याच अभ्यासातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेले, झोपेत श्वास अडकणारे आणि जेमतेम चालू शकणारे रुग्ण, या तिघांना धोका अधिक होता. म्हणजे संकट कोणाच्या बाबतीत येण्याची शक्यता आहे, हे बऱ्याच अंशी आधीच कळते. जे आधी कळते, त्याची तयारीही आधी करता येते.

एका शस्त्रक्रियेचा जन्म

या शस्त्रक्रियांचा इतिहास म्हणजे एका परीने गुंतागुंतीशी झालेल्या झगड्याचाच इतिहास आहे. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळचा रस्ता काढून देण्याची पद्धत मांडली. अन्न शोषलेच गेले नाही तर वजन वाढणार कसे, असा सरळ हिशेब होता. वजन उतरले. पण जुलाब थांबेनात, मूतखडे होऊ लागले, काहींचे यकृत निकामी झाले. अखेर ती पद्धत मागे पडली.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढलेला असे, त्या रुग्णांचे वजन नंतर सहजासहजी वाढत नसे. त्यावरून १९६६ मध्ये मेसन आणि चिकाशी इतो यांनी 'गॅस्ट्रिक बायपास' केली. जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी वेगळी करायची आणि तिला थेट लहान आतडे जोडायचे. आज ही शस्त्रक्रिया सुधारलेल्या रूपात, दुर्बिणीतून केली जाते. पिशवी जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी ठेवतात.

दुसरी, आणि आज जगात सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'. हिच्यात जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी मागे ठेवतात. तिचा जन्मच गुंतागुंत टाळण्याच्या खटपटीतून झाला. १९९९-२०००च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये आणि त्यांचे सहकारी एक मोठी, जठर आणि आतडे दोन्हींवर होणारी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करू लागले होते. अतिशय वजनदार रुग्णांना ती झेपत नव्हती. म्हणून त्यांनी तिचे दोन हप्ते केले. आधी फक्त जठर लहान करायचे आणि काही महिन्यांनी, वजन उतरल्यावर, आतड्याचे काम करायचे. पुढे असे दिसले, की पहिल्या हप्त्यातच अनेकांचे वजन भरपूर उतरले आणि दुसऱ्याची गरजच राहिली नाही. खबरदारी म्हणून उचललेले पाऊल हीच मग स्वतंत्र शस्त्रक्रिया झाली.

ही शस्त्रक्रिया कोणाची करायची, हाही खबरदारीचाच भाग आहे. आपल्याकडे पाश्चात्त्यांचे मोजमाप जसेच्या तसे लागू पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो, हे त्या एका चित्राने सांगितले. म्हणून आपल्याकडे बीएमआय ३७.५च्या वर, किंवा मधुमेह-रक्तदाबासारखा आजार जोडीला असेल तर ३२.५च्या वर, शस्त्रक्रियेचा विचार करावा असा संकेत रूढ झाला. मधुमेह आटोक्यात येत नसेल तर अलीकडच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना याहून खालीही जातात. पण लग्न ठरत नाही किंवा चार किलो जास्त आहेत, ही या शस्त्रक्रियेची कारणे होऊ शकत नाहीत.

आधीचा महिना

शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची असते. ती सुरक्षित होईल की नाही, याचा बराचसा निकाल आधीच्या महिन्यात लागलेला असतो.

पहिली गोष्ट आहाराची. रुग्णाला दोन आठवडे अगदी कमी उष्मांकाचा, दिवसाला साधारण ८०० कॅलरींचा, प्रथिनयुक्त आहार दिला जातो. अनेकांना वाटते, 'एवढे पथ्य पाळता आले असते तर ऑपरेशन कशाला केले असते?' पण या पथ्याचा हेतू वेगळा आहे. लठ्ठ माणसाच्या यकृतात चरबी साठून ते मोठे आणि ठिसूळ झालेले असते. त्याचा डावा भाग नेमका जठराच्या वरच्या टोकावर पांघरुणासारखा पडलेला असतो आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. उचलला गेला नाही तर दिसत नाही. जोर लावला तर फाटून रक्तस्राव होतो. दोन आठवड्यांच्या पथ्याने यकृतातला साखरेचा साठा, त्याच्याबरोबरचे पाणी आणि काही चरबी उतरते आणि यकृत चांगलेच आकसते. हे पथ्य म्हणजे शल्यचिकित्सकासाठी करून दिलेली जागा आहे, असे मी रुग्णांना सांगते. मग ते मन लावून पाळतात.

या काळात मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते, नाही तर साखर एकदम खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधे आज गावोगावी दिली जातात. ती चालू ठेवून उपाशी राहिले, तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि तोही साखर जवळजवळ सामान्य असताना. त्यामुळे तो लवकर लक्षात येत नाही. ही औषधे शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी थांबवतात. कडक पथ्याच्या काळात त्याहूनही आधी थांबवायची का, हे डॉक्टर ठरवतात.

अलीकडे आणखी एक माहिती विचारून घ्यावी लागते : वजन कमी करण्याची इंजेक्शने. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांनी जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. रात्रभर उपाशी असलेल्या रुग्णाच्या जठरातही अन्न शिल्लक असू शकते, आणि भूल देताना ते उलटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. २०२३ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचे इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवावे असे सुचवले. नंतरच्या सूचनांत प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करून, गरजेप्रमाणे आदल्या दिवशी फक्त द्रव आहार ठेवण्यावर भर आला. कोणताही मार्ग धरला तरी आधी आम्हाला कळले पाहिजे. ओळखीतून किंवा ऑनलाइन मिळवलेले इंजेक्शन रुग्ण 'औषध' म्हणून सांगतच नाहीत.

तंबाखूचेही तसेच. 'सिगारेट ओढता का?' या प्रश्नाला बहुतेक बायका नाही म्हणतात, आणि ते खरेही असते. 'मिश्री लावता का?' असे विचारले की उत्तर बदलते. तंबाखू भाजून केलेली मिश्री आपल्या ग्रामीण भागात, विशेषतः बायकांमध्ये, दात घासण्याच्या सवयीत मोडते. व्यसनात तिची गणना होत नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जठराची नवी शिवण भरून यायला रक्तच कमी पडते. बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होण्याचे तंबाखू हे एक मोठे कारण आहे. निदान सहा आठवडे आधी ती बंद हवी, आणि नंतर कायमची.

राहिली झोप. मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास थांबून दचकून उठणारा आणि दिवसा बसल्या जागी पेंगणारा माणूस घरात थट्टेचा विषय असतो. माझ्या दृष्टीने ती धोक्याची घंटा आहे. अशा माणसाला भुलीची आणि वेदनाशामक औषधे दिल्यावर श्वास अडकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून आधी झोपेची तपासणी करतात आणि गरज असेल तर सीपॅप यंत्र सुरू करतात. हे यंत्र मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवते. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीही ते रुग्णाच्या उशाशी हवे. माझी सक्त सूचना असते : यंत्र घरी ठेवून येऊ नका.

टेबलावर

आडवे पडल्यावर लठ्ठ माणसाच्या पोटाचे वजन फुप्फुसांवर येते. त्याच्याजवळचा प्राणवायूचा साठा बारीक माणसापेक्षा फार लवकर संपतो. त्यामुळे भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालायला मला थोडाच वेळ मिळतो. उपाय साधा आहे. खांदे आणि डोके उशांनी उचलून कानाची पातळी छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेशी आणायची आणि टेबल डोक्याकडून थोडे उंच करायचे. या मांडणीला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कोणी घाईत खाल्ली तर पुढचे सगळे अवघड होते.

घाईला लगाम म्हणून तपासयादी असते. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी ज्यांच्या पुढाकाराने तयार झाली, त्या डॉ. अतुल गवांदे यांचे मूळ घराणे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, ॲलर्जी आहे का, प्रतिजैविक दिले का, रक्ताची सोय आहे का, असे साधे प्रश्न ठरलेल्या तीन टप्प्यांवर मोठ्याने विचारायचे. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि मोठ्या गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ वर आले. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही.

आता शल्यचिकित्सकाच्या हातातली गोष्ट. स्लीव्हमध्ये सर्वांत भीती असते ती गळतीची. जठराची लांब शिवण स्टेपलरने मारलेली असते. ती कुठे उसवली तर जठरातला रस पोटात पसरतो. गळती बहुधा वरच्या टोकाला, अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेजवळ होते. तिथला रक्तपुरवठा बेताचा असतो, आणि अरुंद नळीत दाबही जास्त असतो. नळी मध्येच कुठे चिमटली गेली असेल तर वरचा दाब आणखी वाढतो, वाकलेल्या पाइपमागे पाणी तुंबावे तसा. म्हणून जठरात मापाची एक लवचिक नळी, 'बुजी', घालून तिच्या आधाराने कापतात. जठराच्या वळणाशी ती आवळली जाणार नाही हे पाहतात, आणि वरच्या टोकाला अगदी अन्ननलिकेला चिकटून न जाता थोडे अंतर सोडतात. जठराची जाडी खाली जास्त आणि वर कमी असते, त्याप्रमाणे स्टेपलरच्या पिनांची उंची बदलतात, आणि पिना मारण्याआधी स्टेपलर मिटून काही क्षण थांबतात, म्हणजे भिंतीतली सूज दबते.

नळी जितकी अरुंद तितके वजन जास्त उतरेल, असा मोह इथे होतो. २०१२ मध्ये ४,८८८ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा ४० फ्रेंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर, किंवा त्याहून जाड बुजी वापरलेल्यांत गळती ०.६ टक्के, तर बारीक बुजी वापरलेल्यांत २.८ टक्के आढळली. उतरलेल्या वजनात मात्र फरक दिसला नाही. आणखी थोडे आवळल्याने पदरात काही पडत नव्हते. धोका मात्र वाढत होता.

प्रत्येक खबरदारीची स्वतःची किंमत असते, हेही विसरून चालत नाही. बायपासमध्ये आतड्याच्या नव्या मांडणीमुळे त्याच्या पडद्यांत फटी राहतात. वजन उतरून तिथली चरबी वितळली की फटी रुंदावतात, आणि त्यात आतडे अडकू शकते. स्वीडनमधल्या १२ केंद्रांत २,५०७ रुग्णांवर या फटी शिवून टाकण्याचा प्रयोग झाला. तीन वर्षांत आतडे अडकल्याने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ५.५ वर आले. पण पहिल्या महिन्यातली गंभीर गुंतागुंत २.८ वरून ४.३ टक्क्यांवर गेली, कारण टाक्यांमुळे आतड्याच्या जोडाला पीळ पडत होता. फटी शिवायच्या, पण जोड वाकणार नाही अशा बेताने, हा त्यातून घेतलेला धडा.

आणि हाताचे कसब? ते मोजता येते का? मिशिगन राज्यात २० शल्यचिकित्सकांनी आपल्या बायपासची चित्रफीत स्वतःहून दिली. नावे झाकून ती सहव्यवसायींना दाखवली आणि गुण द्यायला सांगितले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चतुर्थांश शल्यचिकित्सकांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वांत जास्त गुण मिळालेल्यांच्या रुग्णांत ५.२ टक्के. मृत्यूचे प्रमाण ०.२६ आणि ०.०५. त्यामुळे 'तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि त्यांत काय काय झाले?' हे विचारण्यात उर्मटपणा नाही. चांगला शल्यचिकित्सक या प्रश्नाने दुखावत नाही.

नाडीचे बोलणे

इथवर सगळे काळजीपूर्वक केले तरी काही जणांच्या बाबतीत गुंतागुंत होणारच. ही गोष्ट मान्य करण्यातच पुढची खबरदारी आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ८४,७३० रुग्णांच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा (केवळ वजनाच्या नव्हे) अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी मृत्यू होणाऱ्या आणि सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच होते. फरक पुढे होता. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या प्रकारच्या रुग्णालयांत १२.५ टक्के दगावले, दुसऱ्या प्रकारच्या रुग्णालयांत २१.४ टक्के. चांगली रुग्णालये संकट लवकर ओळखतात आणि लगेच हालचाल करतात. माझ्या मते या सगळ्या विषयाचे सार इथे आहे. गळती शून्यावर आणणे कोणाच्याच हातात नाही. ती उशिरा सापडू न देणे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.

लवकर ओळखायचे कसे? नाडीवरून. लठ्ठ माणसाचे पोट फसवे असते. आत रस पसरला तरी पोट लाकडासारखे कडक होत नाही, तापही उशिरा येतो. नाडीचा वेग मात्र आधी वाढतो. मिनिटाला १२० ठोके टिकून राहिले तर ते गळती, रक्तस्राव किंवा फुप्फुसातली गाठ यांपैकी काही तरी समजूनच चालावे लागते. १०० च्या वर राहिली तरी कारण शोधावे लागते. जोडीला धाप, डाव्या खांद्यात दुखणे किंवा नुसतेच 'काही तरी बरोबर वाटत नाही' हे रुग्णाचे वाक्य असेल, तर मी ते कधीच उडवून लावत नाही. सीटी स्कॅन करतात, पण स्कॅन ठीक आला म्हणून थांबत नाहीत. रुग्णाची प्रकृती ठीक नसेल तर पुन्हा दुर्बीण घालून पाहतात. नातेवाइकांना हे दुसरे ऑपरेशन म्हणजे फसवणूक वाटते. खरे तर वेळेवर पुन्हा पाहिल्यानेच जीव वाचतात.

रक्ताच्या गाठीचेही असेच. ती टाळण्यासाठी संध्याकाळीच रुग्णाला उठवून चालवतात, पायांना दाब देणारी यंत्रे लावतात, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात. पण बहुतांश गाठी घरी गेल्यावर होतात. ज्यांना इंजेक्शने घरी चालू ठेवायला सांगितलेली असतात, त्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून ती सोडू नयेत.

रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. गळती मात्र अनेकदा त्यानंतर, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसते. तोवर तो लातूरला, कणकवलीला किंवा चंद्रपूरला पोहोचलेला असतो. म्हणून हातात फोन नंबर हवा, आणि तो रात्री दोन वाजता उचलणारे कोणी तरी हवे. घरच्यांनी पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून वहीत लिहावी. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर करोनापासून घरोघरी आहेत, त्यांवर नाडीचाही आकडा दिसतो.

घरी, आणि पुढे आयुष्यभर

एक प्रसंग माझ्या मनात कायम राहिला आहे. शस्त्रक्रियेला पाचवा-सहावा आठवडा झालेल्या एका तरुणीला चार-पाच दिवस उलट्या होत होत्या. तालुक्याच्या गावी तिला ग्लुकोजची सलाईन लावणार होते. तिच्या भावाने सूचनांचे कार्ड काढून डॉक्टरांपुढे ठेवले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'उलट्या होत असल्यास आधी थायमिनचे इंजेक्शन, मगच ग्लुकोज.' डॉक्टरांनी ते वाचून आमच्याकडे फोन केला, थायमिन दिले आणि मुलीला पुढील तपासणीसाठी पाठवले. नळीत एक अरुंद जागा झाली होती. ती दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करण्यात आली. मुलगी बरी झाली.

त्या एका ओळीमागचे कारण असे. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. खाणे थोडे आणि वर उलट्या, की तो संपतो. अशा वेळी नुसते ग्लुकोज दिले, तर ते जाळण्यासाठी उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होते. नजर स्थिर राहत नाही, तोल जातो, बोलणे विसंगत होते, आणि स्मृती कायमची जाऊ शकते. हे टाळणारे इंजेक्शन अगदी स्वस्त आहे. ते ग्लुकोजच्या आधी द्यायचे, एवढेच त्या डॉक्टरांना कळायला हवे.

बाकीच्या कमतरता हळूहळू येतात. ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. आपल्याकडे शाकाहारी माणसांत ब-१२ मुळातच कमी असते, त्यामुळे सुरुवातच तुटीतून होते. प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. इवल्या जठरात ती बसवायची तर भाताआधी वरण, डाळ, पनीर, दही, अंडी हा क्रम पाळावा लागतो. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि मग दर वर्षी रक्ततपासणी हवी.

आणखी काही नियम थोडक्यात. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनची गोळी बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर करू शकते, पॅरासिटामॉल चालते. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी अनेक ठिकाणी देतात. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता एकदम वाढते, पण पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी, म्हणून दुसरा उपाय ठरवून घ्यावा. दारू लवकर आणि जास्त चढते. आणि बायपास होऊन वर्षे लोटली तरी, जेवणानंतर पोटात पिळवटून दुखू लागले तर ते 'गॅस' म्हणून अंगावर काढू नये. ते फटीत अडकलेले आतडे असू शकते.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा फराळाबद्दलही सांगायला हवे. बायपास झालेल्या माणसाने दोन अनारसे किंवा बेसनाचा लाडू खाल्ला, तर साखर थेट आतड्यात उतरते. मग अर्ध्या तासात छातीत धडधड, दरदरून घाम, चक्कर आणि जुलाब असा प्रकार होतो. याला 'डम्पिंग' म्हणतात. आग्रह करणाऱ्या मावशी-काकूंना हे कोणी तरी आधीच सांगून ठेवलेले बरे.

एवढे सगळे वाचून शस्त्रक्रिया नकोच असे वाटले, तर त्याचीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक लठ्ठ लोकांचा पाठपुरावा झाला. शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांपैकी पाच जण पहिल्या नव्वद दिवसांत दगावले. पण सरासरी जवळजवळ अकरा वर्षांनंतर, वय व इतर आजारांचा हिशेब धरून, शस्त्रक्रिया झालेल्यांतले मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी भरले. आजार मोठा असेल तर काही न करण्यालाही धोका असतोच.

तेव्हा निर्णय घ्यायचाच असेल तर पॅकेजच्या किमतीबरोबर पुढच्या प्रश्नांची उत्तरेही वहीत लिहून घ्या. आधीच्या तपासण्यांत झोपेची तपासणी आणि दुर्बिणीतून जठर पाहणे आहे का? आहारतज्ज्ञ आधी भेटतो की नंतर? अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का? रात्री नाडी वाढली तर कोण येऊन पाहतो? पुन्हा दुर्बीण घालावी लागली तर खर्च कसा? घरी गेल्यावर फोन कोण उचलतो? गावातल्या डॉक्टरांसाठी लेखी सूचना मिळतात का? वर्षानुवर्षांच्या तपासण्यांची आठवण कोण करून देतो?

या प्रश्नांना वेळ देऊन, न चिडता उत्तरे देणारे ठिकाण मिळाले, तर धोक्याचा मोठा भाग तिथेच कमी झाला असे समजा. उरलेल्या भागासाठी घरात एक वही, एक ऑक्सिमीटर आणि नाडी वाढली तर सकाळची वाट न बघणारे एक माणूस हवे.